वर्गाबाहेर काढलं, ही त्या मुलाला शिक्षा झाली की बक्षीस?

मुठाकाठ

मुलं ऐकत नाहीत या विषयावर इथे मध्यंतरी बरीच चर्चा झाली. काहींनी धाक हवाच म्हटलं, काहींनी बक्षीस द्या म्हटलं. मी पुण्यात विशेष शिक्षिका म्हणून काम करते. माझ्या मते धाक की बक्षीस हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न असा, की मूल जे करतंय त्यातून त्याला मिळतंय काय? त्यावर सविस्तर लिहायचं होतं म्हणून वेगळा धागा काढते आहे.

थोडी पार्श्वभूमी. १८९८ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने भुकेल्या मांजरांना लाकडी पेटीत ठेवलं. बाहेर खाणं ठेवलेलं, आणि आतली दोरी ओढली किंवा खिट्टी दाबली की दार उघडायचं. मांजर आधी ओरबाडायचं, फटीतून पंजा घालायचं, आणि असं करता करता केव्हातरी दोरी ओढली जायची. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर फुकटची धडपड कमी होत गेली आणि सुटायला लागणारा वेळ घटत गेला. ज्या कृतीनंतर समाधान मिळतं ती कृती पक्की होते, असं त्याने मांडलं. पुढे बी. एफ. स्किनरने उंदीर आणि कबुतरांवर हेच अतिशय बारकाईने तपासलं. त्याचं या विषयावरचं पहिलं मोठं पुस्तक १९३८ चं. आपल्या पाठ्यपुस्तकांत याला साधक अभिसंधान म्हणतात, बोलताना सगळे ऑपरंट कंडिशनिंगच म्हणतात.

यातला कळीचा मुद्दा घाईत सुटून जातो. एखादी गोष्ट प्रबलन आहे की शिक्षा, हे देणाऱ्याच्या मनावर ठरत नाही, त्यानंतर ते वागणं वाढलं की घटलं यावर ठरतं. वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. काहीतरी दिल्याने वाढलं तर धन प्रबलन, नको असलेलं काही निघून गेल्याने वाढलं तर ऋण प्रबलन. गाडीत पट्टा लावला की ती टिंग टिंग बंद होते, म्हणून पुढच्या वेळी हात आपोआप पट्ट्याकडे जातो. इथे कुणी कुणाला शिक्षा केलेली नाही, एक कटकट गेली आणि वागणं पक्कं झालं. शिक्षेचेही तसेच दोन प्रकार: त्रास देणं, किंवा हवीशी वस्तू काढून घेणं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. शाळा कुठली, मुलगा कोण, ते बाजूला राहू दे. दुसरीतला मुलगा. गणिताच्या तासाला वहीचं पान फाडायचा. बाई ओरडायच्या, "जा बाहेर!" आणि तो जायचा. बाहेर व्हरांड्यात कठड्याला टेकून मैदानावरची कबड्डी बघत बसायचा. हे महिनोन्‌महिने चाललं आणि पान फाडणं वाढत गेलं. बाईंचं म्हणणं होतं की शिक्षा करूनही हा सुधारत नाही.

मी मागच्या बाकावर बसून नुसतं बघत राहिले. पानावर आठ वजाबाक्या, सगळ्या हातच्याच्या. पहिल्या दोन तो नीट करायचा. तिसरीला पेन्सिल थांबायची. डाव्या हाताने पानाचा कोपरा दुमडायचा, बोटाने सरळ करायचा, परत दुमडायचा. त्याच वेळी बाई फळ्याकडे वळलेल्या असल्या की मग टर्रकन आवाज. म्हणजे पान फाडलं की वजाबाकीतून सुटका, हे त्याला रोज मिळत होतं. बाईंच्या लेखी ती शिक्षा होती, त्याच्यासाठी ते ऋण प्रबलन होतं.

आणि यात बाईंचं काय होत होतं तेही बघा. मुलगा बाहेर गेला की वर्ग शांत, त्यामुळे बाहेर काढण्याची त्यांची सवयही त्याच नियमाने पक्की होत होती. दोघंही एकमेकांना शिकवत होते आणि दोघांनाही ते कळत नव्हतं. घराघरांतल्या ओरडण्याचं हेच होतं. ओरडल्यावर मूल क्षणभर गप्प होतं, त्यामुळे ओरडणाऱ्याची सवय वाढते.

आम्ही त्याला एक कार्ड दिलं, "बाई, मदत हवी". ते कसं दाखवायचं, हे शांत वेळी, वजाबाकी समोर नसताना शिकवलं. पानावर आठाऐवजी चार गणितं ठेवली. कोपरा दुमडायला लागला की बाईंनी जवळ जाऊन कार्डाकडे बोट दाखवायचं, आणि कार्ड दाखवल्यावर त्या क्षणी मदत द्यायची. पान फाडलंच, तर बाहेर जाणं बंद. पान चिकटपट्टीने जोडायचं आणि मदतीने का होईना, तेच गणित पुरं करायचं. सुरुवातीला त्याने कार्ड सारखंच पुढे केलं आणि बाई धास्तावल्या. पण नवीन वागणं रुजवताना दर वेळी प्रतिसाद मिळायलाच हवा. मग हळूहळू "एक गणित कर, मी आलेच" असं अंतर वाढवत नेलं. आता तो चौथीत आहे, हातच्याची वजाबाकी करतो आणि अडलं तर तोंडाने विचारतो.

ही युक्ती माझी नव्हे. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचं वागणं वेगवेगळ्या परिस्थितीत तपासलं: लक्ष मिळतं तेव्हा, काम सांगितलं जातं तेव्हा, एकटं असताना, खेळताना. वरून सारखंच दिसणारं वागणं एका मुलात लक्ष वेधण्यासाठी होतं, तर दुसऱ्यात काम टाळण्यासाठी. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी दाखवलं की त्याच गरजेसाठी मुलाला बोलून मागायला शिकवलं की त्रासदायक वागणं उतरतं.

तुमचे अनुभव लिहा. घरातले, रस्त्यावरचे, कुठलेही.

कर्वेनगरची_आई

ताई, फार उपयोगी लिहिलंय. आमचा पाच वर्षांचा आहे. तुळशीबागेत नेलं की खेळण्यांच्या दुकानापुढे लोळण घेतो. आम्ही बहुतेक वेळा ठाम राहतो. पण खूपच गर्दी असली, लोक बघायला लागले, की घेऊन टाकतो. सासूबाई बरोबर असल्या तर विचारायलाच नको. कधीतरीच घेतल्याने इतका फरक पडतो का?

मुठाकाठ

पडतो, आणि रोज घेतल्यापेक्षा जास्त. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाच्या वेळापत्रकांवर मोठा ग्रंथ काढला. दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाल्यावर लवकर टोचायचं थांबतं. कधी पाचव्या टोचीला, कधी चाळिसाव्या टोचीला दाणा मिळणारं कबुतर दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचत राहतं. कधी मिळेल सांगता येत नाही, म्हणून थांबण्याचं कारणच त्याला मिळत नाही. जुगाराच्या यंत्राची ओढ याच बेतावर चालते. तुमच्या मुलाने अजून थोडं लोळलं तर मिळेल, हे शिकून घेतलंय. आणि तुम्ही जास्तीत जास्त गोंगाटाला हार मानता, म्हणून जास्तीत जास्त गोंगाटच पक्का होतोय.

देणं पूर्ण बंद केलंत, तर आधी ते वाढेल. आवाज चढेल, कदाचित हात उगारेल. यालाच विलोपनापूर्वीचा उद्रेक म्हणतात. बहुतेक घरं इथेच माघार घेतात, आणि मग मूल त्या वरच्या पातळीपासूनच सुरुवात करतं. तेव्हा शेवटपर्यंत टिकता येईल अशाच दिवशी सुरू करा. सणाच्या खरेदीच्या दिवशी नको. उगाच परीक्षा बघायला म्हणून त्याला तिथे नेऊ नका, आणि तो डोकं आपटण्यासारखं काही करत असेल तर हे एकट्याने न करता जाणकाराच्या मदतीने करा.

सासूबाईंना "तुम्ही लाडावता" असं म्हणू नका. देण्याचा आनंद त्यांच्याकडेच ठेवा, फक्त वेळ बदला. दुकान ओलांडून तो शांतपणे पुढे चालला, की दहा पावलांवर आजीने कौतुक करून पिशवीतून काहीतरी काढून द्यावं.

शनिवारपेठेतले_गुरुजी

मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो. आमच्या वेळी छडी लागे छमछम, विद्या येई घमघम हे नुसतं गाण्यापुरतं नव्हतं. वर्गात साठ-सत्तर मुलं असायची. प्रत्येकाला कार्ड द्यायला शिक्षकाला वेळ कुठून येणार? धाकामुळे निदान वर्ग ऐकायचा आणि ऐकणाऱ्यातून शिकणारे निघायचे. मुलांवर प्रेमही होतं, ते माझे विद्यार्थी आजही सांगतील. शिक्षेचा काहीच उपयोग नाही, हे मला पटत नाही.

मुठाकाठ

गुरुजी, शिक्षेचा काहीच उपयोग होत नाही असं मीही म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. अझ्रिन आणि होल्झ यांनी १९६६ मध्ये याचा मोठा आढावा घेतला आहे. शिक्षा ताबडतोब मिळाली, दर वेळी मिळाली आणि पहिल्यापासून पुरेशी कडक असली, तर वागणं दबतं. तापलेल्या तव्याला हात लावू नये हे आपण एकदाच शिकतो, कारण तवा दर वेळी, त्याच क्षणी चटका देतो. माणसाला हे जमत नाही. तो कधी पाठमोरा असतो, कधी दमलेला असतो, कधी उद्या बघतो म्हणतो. मग हळूहळू जोर वाढवत जातो, आणि मूल त्या प्रत्येक पायरीला सरावतं.

स्किनरच्या १९३८ च्या प्रयोगात दांडी दाबणाऱ्या उंदराला काही काळ पंजावर फटका बसत होता. तेवढ्यापुरतं दाबणं कमी झालं. फटका थांबल्यावर त्याने उशिराने का होईना, फटका न बसलेल्या उंदरांनी दाबलं होतं एकूण जवळपास तेवढंच दाबलं. थॉर्नडाइकनेही १९३० च्या दशकात आपलं आधीचं मत बदललं. बक्षीस जेवढं जोडतं तेवढं शिक्षा तोडत नाही, असं त्याने लिहिलं.

साठ-सत्तर मुलांचा वर्ग सांभाळणं किती कठीण, हे मी नाकारत नाही. पण छडी काय करायचं नाही ते सांगते, काय करायचं ते सांगत नाही. तुमच्या वर्गात मुलं शिकली ती तुम्ही गणित सोडवून दाखवलंत, बरोबर आल्यावर पाठ थोपटलीत म्हणून, असं मला मनापासून वाटतं. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि ती असायलाच हवी.

हडपसर_ते_हिंजवडी

गुरुजी आणि ताई, दोघांच्या मुद्द्याला रस्त्यावरचं उदाहरण देतो. २०१९ च्या १ जानेवारीपासून पुण्यात हेल्मेटसक्तीची कारवाई जोरात सुरू झाली, विरोधही झाला. तेव्हापासून दिसणारं एक दृश्य: हेल्मेट आरशाला लटकलेलं, पुढच्या चौकात पांढरा गणवेश दिसला की डोक्यावर, चौक गेला की परत आरशाला. डोकं वाचवणं हा यातला धडा नाहीच, पोलीस कुठे उभे असतात हा धडा आहे.

कॅमेऱ्याचं चलन आलं तेव्हा वाटलं आता दर वेळी दंड होईल. पण ते मोबाइलवर नंतर येतं. तोपर्यंत माणूस त्याच चौकात कितीदा तरी सिग्नल तोडून वेळेवर पोहोचलेला असतो. तोडण्याचं बक्षीस त्या क्षणी, दंड नंतर कधीतरी.

मुठाकाठ

अगदी नेमकं. पांढरा गणवेश इथे संकेत झाला: तो दिसला तर शिक्षा शक्य, नाही दिसला तर नाही. घरातही बाबा घरात असताना शहाणं आणि बाबा बाहेर पडताच उधळणारं मूल याच जातीचं.

आकडेमोड

अर्थशास्त्राच्या बाजूने एक भर घालतो. इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा अभ्यास झाला, निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. काही पाळणाघरांत उशिराला दंड लावला. उशिरा येणारे कमी होण्याऐवजी वाढले, आणि दंड काढून घेतल्यावरही वाढलेलेच राहिले. हा अभ्यास करणाऱ्या ग्नीझी आणि रुस्टिकिनी यांनी लावलेला अर्थ असा की आधी बाईंना ताटकळत ठेवायची लाज होती, दंड लागल्यावर ती विकत मिळणारी सेवा झाली.

उलट बाजूने आपली महापालिका बघा. मिळकतकर ठरलेल्या मुदतीत भरला की सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत. ती शेवटची तारीख जवळ आली की भरणाऱ्यांची झुंबड उडते. पण अधूनमधून थकबाकीदारांसाठी दंडमाफीची अभय योजना येते. ताईंच्या भाषेत, थकवत राहण्याला कधीतरी मिळणारा दाणाच तो. वेळेवर भरणारे चिडतात ते रास्त आहे.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्याकडे पाहुण्यांच्या जागेत गाडी लावली तर दंड आहे. दोन सभासद दर महिन्याला दंड भरतात आणि हक्काने तिथेच लावतात. आकडेमोड यांचं वाचून आत्ता उलगडा झाला. पुढच्या सभेत दंड वाढवायचा प्रस्ताव आहे. काय करावं?

आकडेमोड

थोडाथोडा वाढवू नका, तेही सरावतील. आधी त्यांना त्या जागेतून काय मिळतंय ते विचारा. लिफ्टजवळ आहे म्हणून? घरात वयस्कर कुणी आहे का? तसं असेल तर रीतसर जागांची अदलाबदल हा खरा उपाय.

भटक्यांचा_मित्र

मी रस्त्यावरची कुत्री दत्तक घेणाऱ्यांना शिकवायला मदत करतो. सगळ्यांत जास्त येणारी तक्रार: पार्सलवाला आला की कुत्रं दारावर आपटून भुंकतं. कुत्र्याच्या बाजूने बघा. अनोळखी माणूस आला, मी भुंकलो, तो गेला. तो पार्सल देऊन जाणारच होता, पण कुत्र्याचा हिशेब दर वेळी बरोबर येतो. त्यात आपण आतून ओरडतो, तेव्हा त्याला वाटतं घरातलेही साथ देताहेत.

गळ्याला झटका देणारे पट्टे मिळतात, ते कृपा करून वापरू नका. झटक्याच्या क्षणी समोर जे असेल, पार्सलवाला किंवा शेजारचं पोर, त्याच्याशी ते दुखणं जोडलं जातं. भुंकणं कदाचित थांबतं, पण भीती वाढते आणि कुत्रं न गुरगुरता थेट चावायला शिकतं.

त्याऐवजी दारापासून लांब एक सतरंजी. बेल वाजली की सतरंजीवर जाणं, आणि तिथेच चिकनचा तुकडा. आधी घरच्याच माणसाने बेल वाजवून सराव. सतरंजीकडे नुसतं बघितलं तरी तुकडा, मग एक पाऊल टाकल्यावर, मग चारही पाय वर आल्यावर. बक्षीस नेमकं कशाबद्दल ते कळावं म्हणून त्या क्षणी टिचकीचा आवाज करायचा. ही आवाजाची पद्धत प्राणी-प्रशिक्षणात रुजवली ती स्किनरकडे शिकलेल्या केलर आणि मॅरियन ब्रेलँड या जोडप्याने.

टीवाय_मानसशास्त्र

ब्रेलँड जोडप्याचं नाव आलंच आहे तर त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६१ मध्ये त्यांनीच लिहिलं की प्राण्यांना हवं ते शिकवता येत नाही. डुकराला लाकडी नाणं गल्ल्यात टाकायला शिकवलं. खाणं मिळत असूनही काही आठवड्यांनी ते नाणं टाकून देऊन नाकाने उकरायला लागलं. रकून नाणी पेटीत टाकायचं सोडून हातात घासत बसायचा. जन्मजात सवय वरचढ ठरली. भाषेबाबत भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९५९ मध्ये स्किनरवर केलेली टीका तर प्रसिद्धच आहे. आणि बक्षिसांनी आतली आवड मरते त्याचं काय? लेपर, ग्रीन आणि निस्बेट, १९७३: चित्र काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात त्यांनी जवळपास निम्माच वेळ चित्र काढलं.

मुठाकाठ

तिन्ही मुद्दे मान्य, आणि वर्गात तिन्ही लक्षात ठेवावे लागतात. सतत हात हलवत राहणाऱ्या मुलाला हात घट्ट बांधून बसवण्याचं बक्षीस देणं म्हणजे त्या डुकराशी भांडणं. त्याच्या शरीराला ती हालचाल हवी असते, ती राहू द्यावी. भाषा नुसत्या बक्षिसाने येत नाही हेही खरं. पण न बोलणाऱ्या मुलाने "पाणी" म्हटलं आणि लगेच पाणी मिळालं, तर तो शब्द परत येतो, हे मी रोज बघते.

लेपर यांच्या प्रयोगात आणखी एक गट होता. त्या मुलांना काही न सांगता, काढून झाल्यावर अचानक प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे "काढलंस तर देईन" हा सौदा आवडत्या कामाला मारक. जे मूल आपणहून पुस्तक उघडतं त्याला पानामागे चॉकलेट कधीही देऊ नये. हातच्याची वजाबाकी जिथे मुळात नकोशी आहे, तिथे सुरुवातीला बाहेरचा आधार लागतो, आणि जमायला लागल्यावर तो काढून घ्यायचा असतो. काढून घेणं विसरलं, की तुम्ही म्हणता ते नुकसान होतं.

कर्वेनगरची_आई

लाच आणि बक्षीस यातला फरक मला अजून नीट कळत नाहीये. आणि आता नवीन भांडण: शाळेतून आला की सायकल हवी, दप्तर आवरायला नको. "आधी आवर, मग चॉकलेट" असं म्हटलं तर चालेल का?

मुठाकाठ

त्याने रडणं सुरू केल्यावर, ते थांबवायला तुम्ही काही देऊ केलंत, तर ती लाच, आणि तिने रडणंच पक्कं होतं. आधी ठरलेलं, केल्यावर मिळालेलं, ते प्रबलन.

चॉकलेटची गरजच नाही. डेव्हिड प्रेमॅकने १९५९ मध्ये दाखवलं की मूल जे आपणहून जास्त करतं, तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. तुमच्या हातात सायकल आहेच. "दप्तर आवरलं नाहीस तर सायकल नाही" असं नका म्हणू, "डबा ओट्यावर, बूट कपाटात, की सायकल" असं म्हणा. सुरुवातीला नुसता डबा पुरे. तो ठेवला की त्याच मिनिटाला किल्ली हातात. आठवडाभर हे सुरळीत चाललं की मग बूट जोडा. संध्याकाळी तो आजीकडे असेल तर किल्ली आजीकडेच द्या, आणि डबा ठेवण्याआधी ती द्यायची नाही एवढं मात्र दोघींचं आधी ठरू द्या.

कर्वेनगरची_आई

सोमवारपासून सुरू करते. फक्त डबा. कसं चाललंय ते इथेच कळवते.